तोंडात मिश्री असताना

परभणी जिल्ह्यात माझ्याइतकं 'नाही' दुसऱ्या कोणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. माझं कामच तसं होतं. अनोळखी दारात उभं राहायचं, नमस्कार करायचा आणि आतल्या मोठ्या माणसाला विचारायचं, "तुम्ही तंबाखू खाता का?" समोरचा माणूस ठामपणे "नाही" म्हणायचा. फक्त तो शब्द नीट बोलता यावा म्हणून आधी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून यायचा.

आरोग्याच्या निरनिराळ्या पाहण्यांमध्ये घरोघर फिरून प्रश्न विचारणं, यावरच माझी नोकरी उभी होती. लोक आम्हाला कधी मतदार यादीवाले समजायचे, कधी घरकुलवाले, कधी वीज तोडायला आलेले. एका आजींनी मला मुलगी बघायला आलेली समजून पोहे खायला घातले होते. मी खाल्ले, नंतर प्रश्न विचारले. माझे यजमान शाळामास्तर होते. ते म्हणायचे, "तू स्वयंपाकघरातसुद्धा प्रश्न विचारतेस आणि पर्याय वाचून दाखवतेस." ते खरं होतं.

आमचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. तो सोपा नाही. तंबाखूच्या पाहणीत घरातल्या पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांची नावं हातातल्या यंत्रात घालायची. मग ते यंत्र चिठ्ठी काढल्यासारखं एकच नाव काढतं. त्याच माणसाला विचारायचं, दुसऱ्याला नाही. तो शेतात असला तर शेतात जायचं, गावाला गेला असला तर परत यायचं. कारण जो हौसेनं पुढे येतो त्यालाच विचारत बसलं तर जिल्ह्याचं चित्र नुसतं हौशी माणसांचं होईल. दुसरा नियम म्हणजे एकांत. सून सासूसमोर खरं बोलत नाही आणि बाप मुलासमोर. तिसरा नियम सगळ्यात अवघड: उपदेश करायचा नाही. माणूस काहीही सांगो, आपला चेहरा बोर्डाच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा ठेवायचा.

पहिल्या नियमाचा त्रास मला ताडकळसला झाला. घरात म्हातारे वडील आणि कर्ता मुलगा. यंत्रानं मुलाचं नाव काढलं आणि मुलगा बाजारात गेलेला. म्हातारबाबा खाट ओढून माझ्यासमोर बसले.

"माझं इचारा."

"बाबा, तुमचं नाव निघालं नाही."

"त्याचं कामून निघालं? त्यानं काय खाल्लंय? मी बिडी वढली, चिलीम वढली, तंबाखू खाल्ली, निजामाच्या काळात माझ्या बापानं हुक्का भरून घेतलाय माज्याकडून. आन तुमी त्या कालच्या पोराला इचारायलाव?"

कालचं पोर पन्नाशीचं होतं. मी समजूत घालायला गेले तर बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मतदानाला त्यांना सगळ्यांआधी नेतात, लग्नात पहिली पंगत त्यांची, आणि सरकार आज तंबाखूचं विचारायला दारात आलं तर त्यांना वगळलं. शेवटी मी यंत्र पिशवीत ठेवलं आणि त्यांची सगळी मुलाखत तोंडी घेतली. ती कुठेही गेली नाही, पण बाबा खूश झाले. मुलगा बाजारातून आला आणि म्हणाला, "मला कसलंच व्यसन न्हाई." ते मात्र खरं निघालं.

आमच्या जोडीत पुरुषांना विचारायला एक पुरुष आणि बायांना विचारायला एक बाई असायची, पण कामाच्या गर्दीत हा भेद नेहमी पाळला जायचा नाही. माझ्या जोडीला मुंजाजी होता. मुंजाजी तंबाखूच्या पाहणीवर असून दिवसभर तंबाखू मळायचा. मी रागावले की म्हणायचा, "म्याडम, मी कामापुरतीच खातो." त्याची पद्धत अशी, की पारावर बसायचं, कपाळ पुसायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, "तंबाखू हाय का हो?" आमच्याकडे अनोळखी माणसाला पाणी मागायला लोक संकोचतील, तंबाखू मागायला नाही. शेजारचा लगेच बंडीत हात घालून पुडी आणि चुन्याची डबी पुढे करायचा. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर हातात यायचं. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी याला हरकत घेतली की अशानं उत्तरदात्यावर प्रभाव पडतो. मुंजाजी म्हणाला, "साहेब, मी निस्ती मागितली. त्यानं दिली म्हंजे त्याच्याकडं हाय." साहेब वही मिटून जीपकडे निघाले.

शिकलेल्या माणसांची गोष्ट निराळी. एका गावातले गुरुजी माझ्याशी फार शुद्ध बोलले. बिडी नाही, गुटखा नाही, तंबाखू तर विद्यार्थ्यांसाठी घोर अनिष्ट. आणि बोलताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या रिकाम्या तळव्यावर सारखा फिरत होता. मध्येच त्यांनी त्या रिकाम्या तळव्यावर दोन टाळ्या मारून चुनाही झटकला. मी चेहरा सांभाळला. दारू पिणारा माणूस 'घेतो' म्हणतो, गुरुजी लोक तंबाखूचं तेवढंही कबूल करत नाहीत. शिकलेली माणसं तंबाखू कमी खातात असं अहवालात लिहिलेलं असतं. ती कमी सांगतात, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

इतकी दारं पाहिल्यावर कोण काय खातं याचा एक अंदाज बसतो. बिडी आता म्हाताऱ्यांकडेच उरली आहे. पोरांची गुटख्याची पुडी. तिच्यावर बंदी आली तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटलो, तर एका पुडीच्या दोन झाल्या. एकीत सुपारी, दुसरीत जर्दा, मिसळायचं तोंडात. शेतातल्या बाया गड्यांसारखीच तंबाखू दाढेत धरतात. शहरातल्या सुना सासरी पेस्टनं दात घासतात आणि माहेरी गेल्या की आईची मिश्रीची डबी शोधतात. येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्या एकानं बिडी सोडल्याचं सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी नियम विसरून "वा!" म्हणाले. कशामुळे सोडली, तर म्हणाला, "पान्यावर काडी पेटत न्हाई, म्याडम." आणि आता? "आता तंबाखू. ती वल्ली झाली तरी चालती."

ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या गयाबाई मला बोरीच्या पुढच्या एका गावात भेटल्या. गावाचं नाव सांगणार नाही. गुप्ततेचं वचन आम्ही दारात देतो आणि निवृत्त झालं तरी ते सुटत नाही.

घर चांगलं नांदतं होतं. दाराशेजारच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी उंबरठा ओलांडू नये.' मुंजाजीनं ते वाचलं, खिशावर हात ठेवला आणि रस्त्यावरच थांबला. मी आत गेले. घरमालक किशनराव हे गावातल्या व्यसनमुक्तीचे पुढारी. पांढरी मिशी, पांढरे कपडे, आणि बोलणं माइक हातात असल्यासारखं. यंत्रानं त्यांच्या पत्नीचं, गयाबाईंचं नाव काढलं.

"तिला?" किशनराव म्हणाले. "तिला काय इचारायचंय? मला इचारा. ह्या गावातली तंबाखू बंद करायलोय मी."

"यंत्रानं यांचं नाव काढलंय."

"यंत्राला काय कळतंय? आमच्या घरात तंबाखूचं पान बी येत न्हाई."

एकांताचा नियम सांगितल्यावर ते ओसरीवर जाऊन बसले. पाय बाहेर आणि कान आत.

गयाबाई साठीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, हसऱ्या. मी क्रमानं विचारायला लागले. बिडी ओढता का?

"अगं माय! बायामानसं बिडी वढतेत का?"

तंबाखू?

"न्हाई."

गुटखा?

"ते पोरं खातेत."

तपकीर?

"सासूबाई वढायच्या. मेल्या."

मिश्री?

"लावती की!" गयाबाईंचा चेहरा उजळला. इतक्या प्रश्नांनंतर 'हो' म्हणता येईल असा एक तरी प्रश्न आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून फडक्यातून गाळायची. ती काळी पूड म्हणजे मिश्री. बाया ती बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासतात आणि बराच वेळ तशीच तोंडात धरून बसतात.

"दिवसातून किती वेळा?"

त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. उठल्यावर. चहा झाल्यावर. स्वयंपाक उरकल्यावर. दुपारी गल्लीतल्या बाया येतात तेव्हा. दिवाबत्तीच्या आधी. हात संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "आन निजताना लावती ती बी धरायची का?"

ओसरीवरून आवाज आला. "म्याडम, ती मिश्री हाय. दात घासायची. तंबाखूत धरू नका."

एकांत संपलाच होता, म्हणून मीही मोठ्यानं विचारलं, "किशनराव, मिश्री कशाची करतात?"

"पत्तीची."

"कशाची पत्ती?"

"मिश्रीची पत्ती. बाजारात मिळती की. दर बाजारी बोरीहून मीच आनतो."

"ती तंबाखूचीच पानं असतात."

"आसतील," किशनराव आत येऊन उभे राहिले. "पन भाजल्यावर ती तंबाखू ऱ्हाती का? जवारी भाजली की लाह्या व्हतेत. लाह्यांला कुनी जवारी म्हनतंय का?"

मी नोकरीत खूप प्रशिक्षणं घेतली, पण ज्वारी आणि लाह्यांचं उत्तर कोणत्याच प्रशिक्षणात दिलेलं नव्हतं. मी गुपचूप 'हो' वर बोट ठेवलं आणि पुढचे प्रश्न संपवले.

चहा आला. किशनराव मोकळे झाले होते, तक्रारीच्या सुरात म्हणाले, "तेवढं एक इचारा हिला, कालवनात तिखट कामून टाकत न्हाई. हल्ली आमच्याकडं दवाखान्यातल्यासारखं जेवन मिळायलंय."

"मला झोंबतंय," गयाबाई म्हणाल्या. "इथं. आतून." आणि त्यांनी काळं पडलेलं बोट गालात घालून गाल बाजूला ओढून मला दाखवला.

आत शेंगदाण्याएवढा पांढरा, खरखरीत चट्टा होता. असे चट्टे मी तक्त्यांवर पाहिले होते. लोकांना दाखवायला मीच ते तक्ते गावोगाव नेले होते. खऱ्या गालात, चहाचा कप हातात असताना पहिल्यांदाच पाहिला आणि कप तसाच खाली ठेवला.

मुलाखत चालू असताना उपदेश करायचा नाही, म्हणून मी आधी यंत्र बंद केलं, पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली. मग बोलले. हा चट्टा डॉक्टरांना दाखवायलाच हवा, आजच्या आज परभणीला चला, तो कशात बदलेल सांगता येत नाही. आणि मिश्री आत्तापासून बंद.

"बंद?" गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग बसू कशानं?"

मला कळलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला.

"म्याडम, तुमी नोकरीवाल्या. तुमाला खुर्ची हाय. आमी टेकलो की कुनी ना कुनी हाक मारतंय. पानी दे, च्या ठेव, वासराकडं बघ. पन तोंडात मिश्री आसली की जवाब देता येत न्हाई. मी आसं तोंडाकडं बोट दावती. मी थुकून येस्तोवर मानूस दुसरीकडं जातंय. सासू व्हती तवापसून तेवढाच येळ माझा हाय."

बिडी का ओढता, तंबाखू का खाता यासाठी आमच्याकडे तयार पर्याय असतात: सवय, मित्रांमुळे, पोट साफ होण्यासाठी, दातदुखीसाठी. हा पर्याय कुठेच नव्हता. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं आणि फार आवडलीही ती.

किशनरावांचं मात्र तोंड उतरलं होतं. पंधरा दिवसांवर गावात कार्यक्रम ठरला होता. गाव तंबाखूमुक्त जाहीर व्हायचं होतं, मोठे साहेब येणार होते, किशनरावांचा सत्कार होता. "कार्यक्रम होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "आता हिला दवाखान्यात नेलं आन डाक्टरनं कागदावर तंबाखू लिवली, तर माझी काय इज्जत ऱ्हायली? लोक म्हनतील, भित्तीवर लिवतंय आन घरात भाजतंय."

"आधी त्यांच्या तोंडाचं बघा, मग तुमचं कुठे दाखवायचं ते ठरवू," मी म्हणाले. माझी जीभ तिखट आहे, यजमान सांगायचे. किशनराव दुखावले. गयाबाईही त्यांच्याच बाजूच्या निघाल्या. "तोंडात कापतेत म्हनं," त्या म्हणाल्या, "होऊ द्या ह्यांचा कार्यक्रम." दोघांची भीती वेगळी होती, पण दोघांनाही पंधरा दिवस हवे होते.

मी नंतर फोन केले. किशनराव दर वेळी आदरानं बोलायचे आणि दर वेळी म्हणायचे, "कार्यक्रम झाला की." शेवटी मी त्या मोठ्या साहेबांच्याच जीपमधून कार्यक्रमालाच जायचं ठरवलं. समारंभ आटोपला की गयाबाईंना जीपमध्ये घालून परभणीला आणायचं, असा माझा बेत. मुंजाजीही आला. गावाचा मान म्हणून त्यानं आपली डबी जीपमध्येच ठेवली होती आणि त्यामुळे तो फार उदास होता.

मारुतीच्या देवळापुढे मंडप. सगळे गडी हजर. बायांच्या बाजूला मोजक्याच बाया, आणि त्यांच्यात गयाबाई नव्हत्या, गयाबाईंच्या गल्लीतली एकही नव्हती. मी उठून बघायला जाणार, तेवढ्यात साहेब भाषणाला उभे राहिले. किशनरावांच्या गळ्यात हार होता. साहेब म्हणाले, "आज या गावानं जिल्ह्यापुढे जो आदर्श—" आणि शिंकले. माइकवर. मंडपाबाहेरचं कुत्रं उठून गेलं.

"जो आदर्श—" पुन्हा शिंक. मग पहिल्या रांगेतला सरपंच शिंकला, मग दुसरी रांग खोकायला लागली. माझाही घसा धरला. निळसर धूर गल्लीतून सरळ मंडपात येत होता. साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला तेव्हा मागून कोणीतरी कौतुकानं म्हणालं, "साहेब रडायलेत की!"

झालं होतं असं. कार्यक्रमानंतर आपल्याला नेणारच, हे गयाबाईंनी ओळखलं होतं. परत येऊ न येऊ, म्हणून शेवटची एकदा, साऱ्या गल्लीला पुरेल एवढी मिश्री करून ठेवायची. सगळे गडी मंडपात गुंतलेले, याहून चांगला मोका कुठला? त्यांनी परातभर पत्ती तव्यावर घेतली होती. फक्त वाऱ्याची दिशा बघायची राहून गेली.

"हे काय जळतंय?" साहेबांनी विचारलं.

प्रत्येक घरात मिश्रीचा एक तवा होता, त्यामुळे कोणीच बोलेना. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "मिश्री भाजायलीय कुनीतरी."

"मिश्री म्हणजे तंबाखूच ना?"

सगळ्या माना किशनरावांकडे वळल्या. किशनराव उठले, माइक हातात घेतला. मला माहीत होतं ते काय म्हणणार. "साहेब," ते म्हणाले, "जवारी भाजली की—" आणि शिंकले. फेटा सावरला. "जवारी भाजली की—" पुन्हा शिंक. लोक हसायला लागले. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. धुराकडे बघत राहिले. धूर त्यांच्याच घरावरून येत होता.

मग ते सावकाश म्हणाले, "लाह्या भाजल्यावर मानूस शिंकत न्हाई, साहेब."

साहेबांनी डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला.

"तंबाखूच हाय ती. माझ्या घरातली हाय. मीच आनतो, दर बाजारी." त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. "आन तिच्या गालात पांढरं झालंय. ह्या म्याडमनी सांगितलं, आन मी कार्यक्रमाची वाट बघायलो." माइक साहेबांच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "तुमची गाडी परभनीला कवा निघायलीय?"

आम्ही घरी गेलो तेव्हा गयाबाई चुलीपुढे, धुरात, भोवती गल्लीतल्या बाया. नवऱ्याला बघून त्या दचकल्या. "आवो, एवढ्यात झाला कार्यक्रम?"

"मोडला. चल, लुगडं बदल."

"एवढी भाजनी उतरू द्या—"

किशनरावांनी फडक्यानं तवा उचलला आणि उकिरड्याकडे निघाले. चटके बसत होते, शिंका येत होत्या, आणि मागे बाया त्या तव्याकडे डोळे लावून. एक हळूच म्हणाली, "लय चांगली भाजली व्हती."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?" गयाबाई म्हणाल्या, "न्हाई." किशनराव म्हणाले, "हो." डॉक्टरांनी किशनरावांना तोंड उघडायला सांगितलं. हे सगळं समजावून सांगेपर्यंत मी घामाघूम झाले. मग गालातला तुकडा तपासायला काढला. सुईच्या वेळी गयाबाईंनी माझं मनगट असं धरलं की नंतर तिथे वळ उठले. तुकड्याचा निकाल यायचा होता त्या दिवसांत किशनराव मला रोज फोन करायचे आणि आता 'कार्यक्रम' हा शब्द चुकूनही काढायचे नाहीत. निकाल आला: रोग झालेला नव्हता, पण त्याच वाटेला लागलेला होता. चट्टा काढून टाकला. पुन्हा पुन्हा दाखवायला यायचं, आणि मिश्रीची चिमूटही नाही. फोनवर हे ऐकून मी देवापुढे दिवा लावला. एरवी मी तशी देवभोळी नाही.

गाव काही तंबाखूमुक्त जाहीर झालं नाही. किशनरावांनी भिंतीवरच्या यादीत 'मिश्री' घातली, पण जागा उरली नव्हती, म्हणून 'गुटखा' आणि 'खाणाऱ्यांनी' यांच्या मध्ये मुंगीच्या अक्षरात ती बसवली आहे. मुंजाजी अजून कामापुरती खातो. तोही निवृत्त झाला आहे, आता कोणतं काम, ते मी विचारत नाही.

मला एक खंत आहे. आम्ही मोजायला जात होतो. मोजलंच पाहिजे, न मोजता सरकारला काही दिसत नाही. पण किती गाल मी पाहिलेच नसतील, कारण त्या घरात कालवणाची तक्रार कोणी केली नाही. रात्री आमटी सपक झाली की मला अजून ते आठवतं.

हे लिहू का, असं विचारायला मी परवा बोरीमार्गे पुन्हा त्या गावाला गेले. दुपारची वेळ. गयाबाई ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी गल्लीतल्या चार बाया. सगळ्यांची तोंडं मिटलेली, गाल जरा फुगलेले, नजर समोरच्या लिंबाच्या झाडावर. मला बघून गयाबाईंनी डोळ्यांनीच बस म्हटलं. मी सगळं सांगितलं, दिवाळी अंकात द्यायचंय, नाव बदलते. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात आतून किशनराव ओरडले, "अगं, म्याडम आल्यात, च्या ठेव की!"

गयाबाईंनी मिटल्या तोंडाकडे बोट दाखवलं. दारात आलेल्या किशनरावांनी ते बोट बघितलं, जुन्या सवयीनं "बरं बरं" म्हणाले आणि स्वतःच चुलीकडे वळले.

माझं डोकं सणकलं. एवढं कापून, शिवून, जीवावरचं टळून पुन्हा तेच? नियम आता मला लागू नव्हते. मी त्यांच्या कानाशी गेले आणि दातओठ खाऊन म्हणाले, "गयाबाई! तोंडात काय आहे?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून आ केला. हिरड्या स्वच्छ होत्या. गालात आत शिवणीची एक बारीक रेघ होती. बाकी तोंड रिकामं. शेजारच्या बाईनंही आ करून दाखवला, तिचंही रिकामं.

गयाबाईंनी तोंड पुन्हा मिटलं, गाल फुगवले आणि लिंबाच्या झाडाकडे बघायला लागल्या. आतून किशनराव साखरेचा डबा कुठे आहे म्हणून विचारत होते. कोणी उत्तर दिलं नाही. मीही पिशवी खाली ठेवली, तोंड मिटलं आणि त्यांच्या शेजारी बसले.